मास्तरांची पुढची खोली

मास्तरांच्या घरात पाहुण्याच्या आधी पाहुण्याची वळकटी तपासली जाई. दारासमोर एक काळी फरशी होती. तिच्यावर वळकटी सोडून पसरायची आणि दोन तास तिथेच राखण करत बसायचं. ढेकूण असले तर उन्हानं बाहेर येतात, असं मास्तरांचं म्हणणं. पाहुणा सुभेदार असो की सुभेदाराचा सासरा, फरशी कुणाला चुकली नाही. एकदा एका हवालदाराच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, "आन तवर आमी कुठं बसायचं?" मास्तर म्हणाले, "वळकटीशेजारी. तुमच्याही अंगावर ऊन पडलं तर बरंच आहे." म्हातारी बसली खरी, पण चार दिवसांनी खोली सोडताना म्हणाली, "मास्तर, तुमच्या बायकूनं लई सोसलं असंल." मास्तरांनी शांतपणे उत्तर दिलं, "सोसलं. आता सुटली बिचारी." म्हातारीला कसंनुसं झालं. मास्तरांची बायको जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती.

हे घर नगरहून भिंगारकडे जाताना, कॅम्पाच्या अलीकडे होतं. मास्तर मिशनच्या शाळेत जन्मभर सुतारकाम शिकवून पेन्शनीत निघालेले. घराच्या भिंती गवंड्यानं बांधल्या होत्या, पण लाकूड म्हणून जे काही होतं ते सगळं मास्तरांच्या हातचं. चौकटी, दारं, खिडक्या, कपाट, मेज, पलंग. एका पाडलेल्या बंगल्याचं सागवान त्यांनी लिलावात घेतलं आणि पुढची बारा वर्षं शाळा सुटल्यावर रोज ते रंधत बसले. बायको म्हणे, "ह्या घराला माझ्याआधी म्हातारपण येईल." तसं झालं नाही. घर तिच्यामागे तकतकीत राहिलं आणि मास्तर रोज सकाळी फडकं घेऊन ते पुसत राहिले.

आमचे हे लष्करी कोठारात कारकून. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. सासूबाईंना ख्रिस्ती माणसाच्या घरात बिऱ्हाड करणं मुळीच पसंत नव्हतं. त्या एकदा येऊन गेल्या, घराच्या कडीपासून कोनाड्यापर्यंत सगळं निरखलं आणि जाताना मला म्हणाल्या, "माणूस विक्षिप्त आहे, पण घर सोवळ्यातलं आहे." त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती होती. मी ती मास्तरांना सांगितली. मास्तर म्हणाले, "सूनबाई, पहिलं अर्धंही खरं आहे."

पुढची खोली मात्र चार-आठ दिवसांच्या भाड्यानं जाई. लढाई चालू होती. कॅम्प शिपायांनी भरून वाहत होता. खेड्यापाड्यांतली पोरं इथे यायची, कवायत शिकायची, आणि मग एक दिवस आगगाडीत बसून मुंबईला आणि तिथून बोटीनं कुठल्या कुठे जायची. जाण्याआधी एखादा पास मिळे. मग कुणाची आई येई, कुणाची बायको येई. धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नसे आणि खाणावळीत बाईमाणसाला कोण ठेवणार? म्हणून मास्तरांची खोली. पेन्शनीत भागत नव्हतं म्हणून खोली द्यायची गरज होती, आणि खोलीत कुणी राहिलेलं त्यांना सहन होत नव्हतं. हे दोन्ही एकाच माणसात होतं, त्यातून पुढचं सगळं झालं.

दारावर एक काळी फळी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नियम लिहिलेले. आत चूल मांडू नये. मेजावर विळी ठेवू नये. भिंतीला डोके टेकू नये, तेल लागते. दार लावताना कडी हाताने धरावी. येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वाचता येई. म्हणून मास्तर स्वतः उभे राहून नियम मोठ्यानं वाचत आणि नंतर त्यावर प्रश्न विचारत. "हां, आजीबाई, विळी कुठे ठेवायची नाही?" आजीबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. उत्तर आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून वाचन. मी मागच्या दारात उभी राहून हे ऐकायची आणि माझ्या पोटात हसू मावत नसे.

मग दाराची परीक्षा. पाहुण्यानं स्वतः दार उघडून लावून दाखवायचं. "दार आपटणारा माणूस घरही आपटतो," हे त्यांचं वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. आणि पायताण. पायताणावर त्यांचा फार भरवसा. ते म्हणत, तोंडाला खोटं बोलता येतं, पायताणाला येत नाही. टाच कुठल्या बाजूला झिजलीय, अंगठा तुटल्यावर कसा शिवलाय, यावरून ते माणूस ओळखत. निदान ओळखतो असं सांगत. एक जाडजूड ठेकेदार महिनाभरासाठी खोली मागायला आला होता, जास्त भाडं देतो म्हणाला. मास्तरांनी त्याच्या पंपशूकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "खोली मोकळी नाही." खोली सताड उघडी होती, आतला पलंग दिसत होता. ठेकेदार म्हणाला, "मग ही कुणाची?" मास्तर म्हणाले, "येणाऱ्याची." नंतर मी विचारलं तर म्हणाले, "नवे बूट आणि आत फाटके मोजे. असा माणूस पाहुणा म्हणून नको." मला ते पटलं होतं. त्यांचं तेव्हा मला सगळंच पटायचं.

आता नावाची गोष्ट. ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि ती माझ्यापासून सुरू होते.

आम्ही बिऱ्हाड घ्यायला आलो त्या दिवशी ह्यांना कोठारात थांबावं लागलं. मी एकटीच ट्रंक घेऊन टांग्यातून उतरले. लग्नाला चार महिने झाले होते. मास्तरांनी विचारलं, "यजमानांचं नाव?" मी खाली बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पदराचं टोक पिळत बसले. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? उखाण्यात घेतलं होतं, तेही चार बायकांनी अडवल्यावर. मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बसा सूनबाई, कळलं."

काय कळलं ते मला नंतर समजलं. कॅम्पाशेजारी घर म्हटल्यावर मास्तरांना एक धास्ती कायम असे. काही शिपाई कुणालाही बायको म्हणून घेऊन येत. एकदा असंच झालं होतं आणि चर्चच्या दोघा वडीलधाऱ्यांनी येऊन मास्तरांना चार शब्द सुनावले होते. मास्तरांनी तो पलंग चार दिवस उन्हात ठेवला आणि आठ दिवस जेवले नाहीत म्हणतात. तेव्हापासून खरी बायको ओळखायची कशी, ह्या विवंचनेत ते होते. ती युक्ती त्यांना माझ्यात सापडली. ते सगळ्यांना विचारू लागले, "यजमानांचं नाव?" जी लाजली, जिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, जिनं पोराकडे बोट करून "ह्याच्या बापाचं" म्हटलं, ती खरी. पुढे एक जोडपं आलं. त्यातल्या बाईनं खाडकन नाव सांगितलं. मास्तरांनी पुरुषाला बाजूला नेऊन विचारलं तर त्यानं भलतंच नाव सांगितलं. बस्स. त्या दिवसापासून तो नियम झाला. फळीवर लिहिला नाही एवढंच.

मला ह्याचा किती अभिमान वाटायचा, ते आज लिहितानाही शरम वाटते. मास्तर आल्यागेल्याला सांगत, "ही परीक्षा मी आमच्या सूनबाईंकडून शिकलो." मी आतून ऐकायची. आपण घरंदाज आहोत हे कुणीतरी रोज मोठ्यानं म्हणावं, आणि ते ऐकायला मिळावं, ह्याची गोडी फार वाईट.

होळी होऊन गेली होती. भर दुपारची वेळ. दारात एक मुलगी उभी राहिली. मुलगीच म्हणायची, अठरा-एकोणीस वर्षांची. हिरवं लुगडं, काखेत बोचकं. पाथर्डीकडच्या मोटारीनं आली होती. त्या काळात पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, त्यामुळे तिच्या कपाळावर घामात काजळी ओघळली होती. बरोबर वळकटी नव्हती, म्हणजे उन्हात टाकायला काही नाही. पायात काही नव्हतं, म्हणजे वाचायला काही नाही. मास्तरांच्या सगळ्या परीक्षा तिच्यापुढे कुचकामी ठरल्या. उरली एकच.

"कुणाकडे आलात?"

"हितं खोली मिळती म्हनं. मालक येनार हायती चार वाजता. पलटनीतनं."

"मालकांचं नाव?"

ती ताठ उभी राहिली. समोर भिंतीकडे बघत तिनं सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, कंपनी, आणि शेवटी नंबर. मोठ्या आवाजात, एका दमात, शाळेतली पोरं पाढा म्हणतात तसं. मी मागच्या दारात गव्हातले खडे निवडत होते. माझा हात थांबला.

मास्तर माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्ही सांगाल असं?"

"नाही," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "घरातली बाई असं सांगणारच नाही."

मास्तरांनी तिला सांगितलं, "खोली मोकळी नाही."

ती उघड्या दारातून आत बघत होती. पलंगावर धुतलेली चादर होती, मेजावर पाण्याचा तांब्या पालथा ठेवलेला. तिनं ते सगळं बघितलं आणि काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मंग म्या हितं भाईर बसू का? चार वाजस्तवर?"

"दारात बसवत नाही आम्ही कुणाला."

तिनं बोचकं पुन्हा काखेत घेतलं. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. बाईमाणूस आहे, काही बोलेल, असं तिला वाटलं असावं. मी सुपाकडे मान घातली. ऊन मी म्हणत होतं आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

साडेचारच्या सुमारास तो आला. जवळजवळ पळतच आला असावा, कारण त्याचा श्वास मला आतपर्यंत ऐकू येत होता. मास्तरांनी त्याला नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबवलं आणि ते त्याच्या बुटांकडे बघू लागले. मी दाराआड होते. डोक्यावरून पदर ओढून घेतला होता आणि नजर जमिनीला होती. परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं आणि मी ते पाळत होते.

"मास्तर, माजी मंडळी आलीया का हितं? हिरव्या लुगड्यातली?"

मास्तरांनी त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. तेच नाव, तोच बाप, तेच आडनाव, तीच कंपनी. नंबर सांगायच्या आधीच मास्तरांनी चौकट धरली होती.

"तिनं नाव सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

"सांगितलं व्हय?" त्याच्या आवाजात हसू आलं. "म्याच पत्रात लिवलं हुतं. हितं लाजून भागायचं न्हाई म्हनलं, कोन बी इचारलं तर नाव आन नंबर खडाखडा सांगायचा, न्हाईतर गेटावं उभं करत न्हाईत. गुरुजी वाचून दावायचे आन ती पाठ करायची. महिनाभर पाठ करत हुती म्हनं. पत्र बी आसंल तिच्या वट्यात. हाय कुठं ती?"

पत्र तिच्या ओच्यात होतं. आम्ही दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता.

मास्तरांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि ते त्याच्याबरोबर निघाले. दार उघडं टाकून गेले. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदा बघितलं. मी पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि काय करावं ते न कळून तो पालथा तांब्या सुलटा करून भरून ठेवला.

तासाभरानं मास्तर एकटे परत आले. मोटारस्टँडवरच्या एजंटनं सांगितलं होतं, हिरव्या लुगड्यातली मुलगी तीनच्या पाथर्डीच्या मोटारीत बसून गेली. रडत होती का, असं त्या शिपायानं विचारलं. एजंट म्हणाला, रडत नव्हती, काहीतरी पुटपुटत होती. शिपायाचा पास सातपर्यंतचा होता. पलटण पहाटेच्या गाडीनं निघणार होती आणि पाथर्डीची पहिली मोटार नगरला पोचायची दहा वाजता. मास्तरांनी टांगा करून करंजीच्या घाटापर्यंत जाऊ म्हटलं. तो शिपाई म्हणाला, टांग्यानं मोटार गाठायची न्हाई मास्तर. मग दोघं स्टँडवर नुसते उभे राहिले.

"फोटो काढायचा होता म्हणे आज," मास्तर मला म्हणाले. "बाजारपेठेत दोघांचा. त्यानं सांगून ठेवलं होतं फोटोवाल्याला." थोड्या वेळानं म्हणाले, "मला म्हणाला, तुमी तरी काय करनार, घर जपावंच लागतं मानसाला."

त्या दिवसानंतर मास्तर बदलले. मी हे चांगल्या अर्थानं म्हणत नाही. माणूस शहाणा झाला असं लोक म्हणाले असते, पण मी रोज बघत होते. त्यांनी दारावरची फळी काढली. फरशीवर वळकट्या पडेनात. येईल त्याला ते खोलीची किल्ली देत आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसत. नाव विचारत नव्हते, दार लावायला सांगत नव्हते. कुणी मेजावर विळी ठेवून मेथी चिरली. कुणी पलंगाच्या पायावर नारळ फोडला. एका पोरानं कपाटाच्या दारावर खिळ्यानं रेल्वेचं इंजिन काढलं. मी संतापून मास्तरांना ते दाखवायला नेलं. त्यांनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चाकं चांगली काढलीत." मला वाटलं होतं ते चिडतील आणि निदान एक दिवस तरी पहिले मास्तर परत दिसतील.

मी त्यांना म्हणाले, "मास्तर, अहो चूक माझीही होती." ते म्हणाले, "तुम्ही पंचवीस वर्षांच्याही नाही सूनबाई. मी साठी ओलांडलेला माणूस. दुसरा प्रश्न कुणी विचारायला हवा होता?" ह्यापुढे त्यांनी मला त्या विषयावर बोलू दिलं नाही. आमच्या ह्यांना तर मी माझं ते वाक्य कधी सांगितलंच नाही.

एक बेत मात्र ते वरचेवर बोलून दाखवत. लढाई संपली, तो पोरगा परत आला, की दोघांना पुढची खोली पंधरा दिवस द्यायची. त्यासाठी त्यांनी पलंगाची नवी फळी रंधायला घेतली. गावाला जाऊन तिला भेटून यावं, असं मी दोनदा सुचवलं. ते "जाऊ, जाऊ" म्हणायचे. मला वाटतं, तो परत आला की सगळं एकदमच नीट होईल, मधल्या काळात तिच्यापुढे उभं राहायला नको, असा त्यांचा हिशेब असावा. असे हिशेब मीही केलेत.

वर्ष-दीड वर्षानं त्याच कंपनीतला एक जखमी नाईक आपल्या आईला घेऊन खोलीत राहिला. मास्तरांनी नंबर सांगून चौकशी केली. नंबर त्यांना तोंडपाठ होता. नाईक म्हणाला, तो तर मागच्या थंडीतच गेला. तिकडंच मातीत घातला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं मास्तर गेले. तिसगावच्या पुढे उतरून दोन कोस चालत. काय झालं ते त्यांनी परत आल्यावर मला सांगितलं, मागच्या पायरीवर बसून, एकेक वाक्य थांबत.

तिचं घर म्हणजे दोन खणांचं, पुढे छपराची पडवी. सासू डोळ्यांनी अधू. दारात म्हातारा माणूस दिसला तशी ती मुलगी उठली, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. मास्तर टोपी हातात धरून उभेच राहिले. तिनं त्यांच्या पायांवरची धूळ बघितली आणि म्हणाली, "लांबनं आलासा. आदी भाकर खावा." बाजरीची भाकरी, मुगाची आमटी. ते जेवले. हात धुवायला पाणी घातल्यावर मग तिनं विचारलं, "कुठलं म्हनायचं पावनं?"

मास्तर मला म्हणाले, "सूनबाई, भाकरी पोटात गेल्यावर विचारलं तिनं. त्या आधी नाही."

त्यांनी सांगितलं, नगरच्या खोलीचा मालक. तिनं तांब्या खाली ठेवला. सासूनं आतून विचारलं, "कोन गं?" ती म्हणाली, "नगरचं हायती. त्यास्नी वळखत हुते." मग मास्तरांच्या समोर येऊन बसली.

"तुमी बगितलं न्हवं त्यास्नी? त्या दिशी सांजच्याला?"

"बघितलं."

"म्या बगितलं न्हाई. लग्नानंतर दोनदाच आल्ते रजेवं. आता डोळे मिटले तर नीट दिसत न्हाईत." मग तिनं विचारलं, "कसं दिसत हुते?"

मास्तरांनी तिला बूट सांगितले. टाचेला नाल होती. डाव्या बुटाची नाडी तुटली होती, तिच्या जागी सुतळी होती, आणि सुतळीला काळं पॉलिश लावलेलं होतं. उजव्या बुटाचं टोक थोडं उकललं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. सुतळीला पॉलिश लावलं होतं हे ऐकून म्हणाली, "व्हय, त्ये तसंच करत्याल." आणि मग विचारलं, "आन तोंड?"

"मला काही आठवेना सूनबाई. तासभर मी त्या मुलाच्या शेजारी उभा होतो. माझ्याशी बोलला तो. मी त्याच्याकडे बघितलंच नाही हो." मास्तर माझ्याकडे वळले. "मी तिला सांगून आलो आहे, आमच्या घरातल्या बाईंनीही बघितलं होतं. त्यांना विचारून कळवतो. तुम्ही दारात होतात. तुम्ही बघितलं ना?"

मी जमीन बघितली होती. उंबऱ्याची कड आणि त्याच्यापलीकडे खाकी पायपट्ट्या. ह्यापलीकडे मी काही पाहिलं नव्हतं.

"बघितलं," मी म्हणाले.

मास्तरांनी तिथेच पोस्टकार्ड काढलं. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. रंग सावळा. अंगानं भरला होता. आनंदात दिसत होता, तुमचं नाव काढल्यावर हसला. तेवढं हसणं खरं होतं, मी ऐकलं होतं. पण मास्तर लेखणी थांबवून आणखी काही ऐकायची वाट बघत होते, म्हणून मी म्हणाले, "बारीक मिशी होती." शिपायाला मिशी असायचीच, असं मला वाटलं.

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. गावच्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात. मास्तरांनी ते मला वाचून दाखवलं. सा. न. वि. वि. आपले पत्र पोचले व बाईंस वाचून दाखविले. बाईंस फार समाधान झाले. घरून जातेवेळी त्यांस मिशी नव्हती, ती नगरास गेल्यावर ठेविली असावी असे बाई म्हणतात. त्यांचे मागणे इतकेच की, मिशी त्यांस शोभत होती किंवा कसे, तेवढे कळवावे.

मास्तरांनी पत्र गुडघ्यावर ठेवलं. नवं कार्ड घेतलं, पत्ता लिहिला, मायना लिहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"शोभत होती का, सूनबाई?"

"फार शोभत होती," मी म्हणाले.

मास्तरांनी 'फार' हा शब्दसुद्धा लिहिला.